एकाच वेळीं किती व्यवहार चालूं द्यावे?

आपल्या घरांतील मोबाईल फोनांत निरोप, छायाचित्रें, ओळखीच्या मंडळींचे क्रमांक, किरकोळ हिशेब अशा नाना प्रकारच्या नोंदी सांठविलेल्या असतात. या नोंदी कोण सांभाळतो, आणि एकाच क्षणीं दोन कामें एकाच नोंदीवर चालून आलीं तर काय होतें, हा विचार आपल्यापैकीं फारच थोड्यांच्या मनांत आला असेल. वरच्या वर्गांतून संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलांस हा प्रश्न आज ना उद्यां भेटणारच आहे. आणि ज्या पालकांच्या दुकानाचा अगर संस्थेचा हिशेब आतां संगणकावर असतो, त्यांनाही त्याची थोडीबहुत ओळख असणें हिताचें आहे. म्हणून प्रस्तुत लेखांत आम्ही या विषयाच्या एकाच अंगाचा विचार करणार आहों. डेटाबेसांत एकाच वेळीं किती व्यवहार चालूं द्यावे याची मर्यादा कशी ठरवावी, आणि ती मर्यादा गांठली गेली असतां काय करावें, हें तें अंग होय.

डेटाबेस म्हणजे व्यवस्थित लावून ठेवलेला नोंदींचा संग्रह व त्याची देखरेख करणारा प्रोग्राम. याचे दोन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारांत देखरेख करणारा प्रोग्राम एखाद्या स्वतंत्र यंत्रावर बसलेला असतो, व इतर प्रोग्राम दुरून त्याजकडे मागणी करितात. मोठ्या बँकांतून असाच प्रकार असतो. दुसऱ्या प्रकारास अंतर्भूत डेटाबेस असें म्हणतात. त्यास वेगळें यंत्र लागत नाहीं व वेगळा सेवकही लागत नाहीं. ज्या प्रोग्रामास नोंदी ठेवावयाच्या असतात त्याच्याच पोटांत तो राहतो, आणि नोंदी साध्या फाईलींत लिहून ठेवितो. या जातीचे तीन डेटाबेस विशेष प्रसिद्ध आहेत. बर्कले डी-बी याचा उगम अमेरिकेंतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेंत झाला. १९९६ सालीं त्याकरितां स्लीपीकॅट सॉफ्टवेअर नांवाची कंपनी निघाली, व २००६ सालीं ती ओरॅकल कंपनीनें विकत घेतली. एस्क्यूलाइट हा रिचर्ड हिप यांनीं २००० सालीं प्रथम प्रसिद्ध केला. अँड्रॉइड व आयफोन या दोन्ही जातींच्या फोनांत तो असतो. तिसरा एल-एम-डी-बी, तो हॉवर्ड चू यांनीं २०११ सालीं पुढें आणला. आमच्या विवेचनांत हे तिघेही येतील, कारण मर्यादेचा प्रश्न तिघांनींही निरनिराळ्या रीतीनें सोडविला आहे.

आतां व्यवहार म्हणजे काय तें पाहूं. संगणकाच्या परिभाषेंत ज्यास ट्रान्झॅक्शन म्हणतात, त्यासच आम्ही येथें व्यवहार म्हणत आहों. ज्या नोंदी सर्वच्या सर्व व्हाव्या, नाहीं तर एकही होऊं नये, अशा नोंदींचा गट म्हणजे व्यवहार. समजा, एका पालकानें शाळेच्या कचेरींत मुलाच्या फीचे ५०० रुपये भरले. या एका गोष्टीच्या दोन नोंदी होतात: शाळेच्या रोकडींत ५०० रुपये वाढले ही एक, आणि त्या मुलाच्या नांवावर ५०० रुपये जमा झाले ही दुसरी. पहिली नोंद होऊन दुसरी होण्यापूर्वीं वीज गेली, तर रोकड बरोबर दिसेल पण मुलगा थकबाकीदार दिसेल. पुढें थकबाकीची यादी वर्गांत वाचली जाईल तेव्हां त्या निरपराध मुलास चारचौघांत मान खालीं घालावी लागेल. ही आपत्ति टळावी म्हणून दोन्ही नोंदी एकाच व्यवहारांत गुंफाव्या लागतात. व्यवहार उघडावा, नोंदी कराव्या, आणि शेवटीं तो पक्का करावा. पक्का होण्यापूर्वीं कांहीं विघ्न आलें तर संपूर्ण व्यवहार मागें घेतला जातो, व जणूं कांहीं घडलेंच नाहीं अशी स्थिति राहते.

हें साधतें कसें, तें जुन्या पेढीवरील रिवाजावरून चटकन ध्यानांत येईल. आमच्याकडील हिशेबनीस दिवसाची प्रत्येक नोंद प्रथम रोजकीर्दींत करीत, आणि मागाहून सवडीनें ती खतावणींत नेत. डेटाबेसही बहुधा हाच मार्ग धरतो. तो प्रथम आपल्या रोजकीर्दीच्या फाईलींत लिहितो व नंतर मुख्य फाईलींत. मध्येंच यंत्र बंद पडलें, तर पुन्हां सुरू होतांना तो ही रोजकीर्द वाचतो. जे व्यवहार पक्के झाले होते ते पुरे करितो, व जे अर्धवट होते ते पुसून टाकितो. एल-एम-डी-बी मात्र अशी वेगळी रोजकीर्द ठेवीत नाहीं. तो जुन्या पानास हात न लावतां नवी नोंद नव्या पानावर करितो, आणि पक्केपणाची खूण शेवटीं उमटवितो. मार्ग भिन्न असले तरी फळ एकच. व्यवहाराच्या अंगीं अखंडता, सुसंगति, पृथक्ता व स्थायित्व असे चार गुण असावे असें मानतात. १९८३ सालीं थिओ हेर्डर व आंद्रेआस रॉयटर या जर्मन शास्त्रज्ञांनीं या चार गुणांच्या इंग्रजी नांवांचीं आद्याक्षरें जुळवून ‘अ‍ॅसिड’ हा शब्द रूढ केला.

या चार गुणांपैकीं पृथक्ता हा गुण आपल्या प्रश्नाचें मूळ आहे. कचेरींतील संगणकावर फी घेणारा प्रोग्राम चालूं आहे. त्याच वेळीं थकबाकीची यादी काढणारा दुसरा प्रोग्राम तींच खातीं वाचीत आहे. आणि तिसरा प्रोग्राम नव्या मुलांचीं नांवें घालीत आहे, अशी कल्पना करा. प्रत्येकास असें वाटलें पाहिजे कीं डेटाबेस आपल्या एकट्याच्याच स्वाधीन आहे. हा भास टिकविण्यासाठीं डेटाबेसास बरेंच कांहीं लक्षांत ठेवावें लागतें. कोणत्या व्यवहारानें कोणतें पान वाचलें, कोणीं कोणत्या पानास कुलूप लावलें, कोणासाठीं कोणत्या पानाची जुनी प्रत जपून ठेवावयाची, या सर्वांची टिपणें तो स्मृतींत बाळगतो. प्रत्येक उघडा व्यवहार या टिपणांत आपल्यापुरती जागा अडवितो. अर्थात् उघड्या व्यवहारांची संख्या अमर्याद असूं शकत नाहीं.

बर्कले डी-बींत ही मर्यादा सरळ एका आंकड्यानें सांगावी लागते. डेटाबेसाचें वातावरण उघडण्यापूर्वीं प्रोग्राम लिहिणारा आपला आंकडा देतो, आणि त्या मानानें व्यवहारांच्या टिपणांसाठीं स्मृतींत जागा राखली जाते. एकदां वातावरण उघडलें कीं चालूं प्रोग्रामास तो आंकडा बदलतां येत नाहीं. व्यवहाराच्या पोटांत दुसरा लहान व्यवहार उघडला असेल, तर तो पक्का होईपर्यंत अथवा मागें घेतला जाईपर्यंत त्याचीही गणना होते. मर्यादा भरल्यावर आणखी एक व्यवहार उघडूं गेल्यास डेटाबेस नकार देतो, व नकाराचें कारण म्हणून ‘स्मृति अपुरी’ या अर्थाचा संकेत देतो. येथें नवशिके हटकून फसतात. संकेत पाहून ते संगणकास जास्त स्मृति बसवूं पाहतात. वास्तविक संगणकाची स्मृति मुबलक असते. संपलेली असते ती व्यवहारांसाठीं राखलेली जागा. याच डेटाबेसांत पानांच्या जुन्या प्रती राखण्याचीही एक पद्धति आहे. ती स्वीकारली असतां, ज्या व्यवहारानें नोंदी बदलल्या असतील तो पक्का होऊन गेल्यावरही, त्याच्या पानांच्या प्रती तात्पुरत्या स्मृतींतून बाहेर जाईपर्यंत, आपली जागा सोडीत नाहीं. म्हणून अशा ठिकाणीं आंकडा नेहमींपेक्षां बराच मोठा धरावा लागतो. शिवाय कुलुपें किती व तीं लावणारे किती यांच्याही मर्यादा तेथें वेगळ्या ठरविलेल्या असतात; व्यवहारांचा आंकडा वाढवून या तशाच ठेविल्या, तर अडचण एका दारांतून निघून दुसऱ्या दारानें आंत येते.

एस्क्यूलाइटची रीत निराळी. तेथें व्यवहारांची मर्यादा नियमांतच गोंवलेली आहे: एका डेटाबेस-फाईलींत वाचणारे कितीही असोत, लिहिणारा एका वेळीं एकच. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हातीं जें राहतें तें, पाळी येईपर्यंत किती वेळ थांबावें, हें ठरविणें. हा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागांत सांगावयाचा असतो. तो न सांगितल्यास मूळच्या रचनेंत तो शून्य असतो. म्हणजे फाईल दुसऱ्याच्या ताब्यांत आढळतांच डेटाबेस तत्काळ नकार देतो. वाचकांची रीघ सारखी चालूं राहिली तर बिचाऱ्या लेखकाची पाळी कधींच यावयाची नाहीं, म्हणून जुन्या पद्धतींत एक चांगली योजना केलेली आहे. लेखक सिद्ध झाला कीं तो एक विशेष कुलूप लावतो. त्यानंतर आंत असलेले वाचक आपलें वाचन पुरें करितात, पण नव्या वाचकांस प्रवेश मिळत नाहीं. २०१० सालापासून रोजकीर्द आधीं लिहिण्याची जी नवी पद्धति त्यांत आली, तिच्या योगानें वाचक व लेखक यांची एकमेकांस होणारी अडवणूक बहुतेक थांबली. तथापि लेखक एकच, हा नियम मात्र कायम राहिला.

एल-एम-डी-बींतही लेखक एकच. परंतु वाचकांसाठीं एक तक्ता असतो, व त्यांत जितकीं घरें तितकेच वाचक. कांहीं न सांगितल्यास हीं घरें १२६ असतात. हा आंकडा इतका विचित्र कां, असें कोणासही वाटेल. त्याचा खुलासा कर्त्यानेंच केलेला आहे: १२६ वाचकांचीं घरें व तक्त्याच्या आरंभींचीं कुलुपें मिळून त्याच्या यंत्रावर बरोबर आठ किलोबाइट जागा भरते, एवढेंच त्याचें कारण. तुमच्या कामास किती वाचक लागतील याचा त्यांत कोणताही अंदाज नाहीं! आयत्या मिळालेल्या आंकड्यास पवित्र मानूं नये, हा बोध येथून अवश्य घ्यावा. डेटाबेस उघडण्यापूर्वीं हीं घरें वाढवितां येतात. पण सर्वांत जुना वाचक कोण हें पाहण्यासाठीं लेखकास वापरांतील घरें एकामागून एक तपासावीं लागतात. म्हणून उगाच हजारोंचा आंकडा लिहून ठेवण्यांतही शहाणपण नाहीं.

मग योग्य आंकडा कोणता? येथें गणित आपल्या मदतीस येतें. १९६१ सालीं जॉन लिटल यांनीं एक सुंदर नियम सिद्ध केला. एखाद्या ठिकाणीं सरासरीनें किती जण एका वेळीं असतात, हें काढावयाचें असेल, तर दर सेकंदास किती जण येतात या संख्येस प्रत्येक जण किती सेकंद थांबतो या संख्येनें गुणावें. समजा, दर सेकंदास ४० व्यवहार येतात आणि प्रत्येक व्यवहार सेकंदाच्या विसाव्या भागांत आटोपतो; तर ४० गुणिले एक विसांश, म्हणजे सरासरीनें दोनच व्यवहार एका वेळीं उघडे असतील. आतां येणाऱ्यांची संख्या तीच ठेवून प्रत्येक व्यवहार ५ सेकंद रेंगाळूं द्या. उघड्या व्यवहारांची सरासरी एकदम २०० होते. पाहुण्यांची संख्या वाढली नाहीं. पाहुणे उठेनात, म्हणून घर भरलें. या नियमाचा मतलब हाच कीं मर्यादेचा प्रश्न जितका येणाऱ्यांच्या गर्दीचा, तितकाच किंवा त्याहूनही अधिक, थांबणाऱ्यांच्या मुक्कामाचा आहे.

सरासरी काढली कीं काम संपलें असें नाहीं. फी भरण्याच्या शेवटच्या दिवशीं जी झुंबड उडते ती सरासरींत दिसत नाहीं. म्हणून प्रत्यक्ष मोजमाप घ्यावें. बर्कले डी-बी तर एकाच वेळीं अधिकांत अधिक किती व्यवहार चालूं होते याची नोंद स्वतःच ठेवितो. गर्दीच्या दिवसाची ती संख्या पाहावी, तींत पुरेशी भर घालावी, आणि मग मर्यादा ठरवावी. लेखक जेथें एकच असतो तेथें आणखी एक गोष्ट तपासून पाहावी. प्रत्येक लेखनास सेकंदाचा विसावा भाग लागत असेल, तर एका सेकंदांत वीसच लेखनें होतील. दर सेकंदास चाळीस येऊं लागलीं तर रांग वाढतच जाणार. थांबण्याचा वेळ कितीही वाढविला तरी तेथें उपाय चालावयाचा नाहीं. अशा वेळीं पुष्कळ लहान नोंदी एकाच व्यवहारांत गोळा करून लिहाव्या, म्हणजे पक्केपणाची खूण उमटविण्याचे श्रम वांटले जाऊन काम झपाट्यानें होतें.

मर्यादा कितीही विचारपूर्वक ठरविली तरी केव्हां तरी नकार हा मिळणारच. नकार मिळणें हा कांहीं अनर्थ नव्हे. डेटाबेस प्रामाणिकपणें सांगतो कीं आतां जागा नाहीं, आणि आधींच्या नोंदींस धक्का लागूं देत नाहीं. अनर्थ होतो तो, प्रोग्राम लिहिणारा हा नकार ऐकूनही न ऐकल्यासारखें करितो तेव्हां. नोंद झालीच नाहीं, पण पडद्यावर ‘फी जमा झाली’ अशीं अक्षरें उमटलीं, तर आम्हीं वर वर्णिलेला थकबाकीचा प्रसंग पुन्हां ओढवला असें समजावें. वीज न जातां, यंत्र न बिघडतां, केवळ हयगयीमुळें तो ओढवतो. म्हणून प्रत्येक नकार तपासावा, क्षणभर थांबून पुन्हां प्रयत्न करावा, दोनचार प्रयत्नांनींही न जमलें तर माणसास स्पष्ट सांगावें.

कांहीं वेळां मात्र नुसतें थांबून भागत नाहीं. दोन व्यवहार एकाच खात्याचें वाचन करीत आहेत. पहिल्यानें लिहिण्याचा अधिकार मिळविला व तो दुसऱ्याचें वाचन संपण्याची वाट पाहत आहे. इतक्यांत दुसऱ्यासही लिहावयाचें आहे, आणि तो पहिल्याची वाट पाहत आहे. अरुंद बोळांत समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांसारखी ही गत होते. एकीनें मागें सरल्यावांचून सुटका नाहीं. एस्क्यूलाइट हें ओळखून, थांबण्याचा वेळ दिलेला असला तरी, दुसऱ्यास लगेच नकार देतो. बर्कले डी-बींत अशी कोंडी हुडकून काढणारी योजना असून ती एकास मागें घ्यावयास लाविते. ज्यास नकार मिळाला त्यानें आपला संपूर्ण व्यवहार मागें घेऊन पुन्हां प्रारंभापासून सुरुवात करावी. ज्यास शेवटीं लिहावयाचेंच आहे, त्यानें व्यवहार उघडतांनाच तसें सांगून अधिकार घ्यावा, म्हणजे एस्क्यूलाइटमध्यें ही कोंडी मुळांतच उद्भवत नाहीं.

शेवटीं सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतों. मर्यादा वारंवार भरूं लागली म्हणजे आंकडा दुप्पट करण्याचा मोह होतो. त्या दिवसापुरती अडचण दूरही होते. परंतु कोणी तरी व्यवहार उघडून विसरला असेल, तर वाढविलेली मर्यादाही थोड्या दिवसांत भरते. शिवाय असा विसरलेला व्यवहार गुपचूप आणखी नुकसान करीत असतो. एल-एम-डी-बींत जुना वाचक आंत बसलेला असेपर्यंत, त्यानंतर टाकाऊ झालेलीं पानें पुन्हां वापरतां येत नाहींत, व फाईल फुगत जाते. एस्क्यूलाइटच्या नव्या पद्धतींत रोजकीर्द पुन्हां पहिल्या पानापासून सुरू करतां येत नाहीं, व तीच लांबत जाते. बर्कले डी-बींत जुन्या रोजकीर्दी काढून टाकतां येत नाहींत. तिन्ही ठिकाणीं अपराधी एकच: उघडलेला व न मिटलेला व्यवहार. एखादा प्रोग्राम वाचतां वाचतां अकस्मात् मेला, तर एल-एम-डी-बीच्या तक्त्यांतील त्याचें घर अडलेलें राहूं शकतें. तें मोकळें करण्याची सोय दिलेली आहे, तिचाही उपयोग करावा.

बहुतेक ठिकाणीं हा दोष एका साध्या संवयीनें टळतो. माणसाची वाट पाहत असतां व्यवहार उघडा ठेवूं नये. कारकुनानें पडद्यावरील तक्त्यांत नांव, इयत्ता, रक्कम भरावी. मध्येंच त्यास कोणी बोलावलें तर त्यानें खुशाल उठून जावें. तोंपर्यंत व्यवहार उघडलेलाच नसावा. सर्व माहिती हातीं आली, कारकुनानें बटण दाबलें, कीं मग व्यवहार उघडावा, नोंदी कराव्या, आणि तत्काळ पक्का करावा. अशा रीतीनें चालणाऱ्या कचेरीस लहानशी मर्यादाही वर्षानुवर्षें पुरते.

तुमच्यापैकीं जे पुढें अशा तऱ्हेचे प्रोग्राम लिहितील, त्यांनीं दोन प्रश्न आपणांस नित्य विचारावे: हा व्यवहार मिटण्याचा क्षण कोणता, आणि नकार मिळाल्यास माझा प्रोग्राम काय करील? या दोहोंचीं उत्तरें ठरलेलीं असलीं म्हणजे मर्यादेचा आंकडा ठरविणें अवघड जात नाहीं. आणि फीची पावती छापण्याची आज्ञा, व्यवहार पक्का झाल्याचें उत्तर हातीं आल्यावरच द्यावी. तत्पूर्वीं कदापि देऊं नये. ती पावती घरीं नेणाऱ्या पालकास डेटाबेस म्हणजे काय हें ठाऊक नसतें. पावतीवरील अक्षरांवर त्याचा भरंवसा असतो, आणि तो भरंवसा खरा करणें हें प्रोग्राम लिहिणाऱ्याचें काम आहे.